बेटावरची हसरी संध्याकाळ

डिसेंबर लागला की पुण्यातली संध्याकाळ चोरपावलांनी येते. दुपारचा चहा होतो न होतो तोच समोरच्या गच्चीवरचं ऊन उतरतं, खाली क्लासला निघालेल्या मुलांच्या स्कूटर सुरू होतात आणि कुठूनतरी पालापाचोळा जाळल्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतो. एके काळी मला ही वेळ फार आवडायची. ग्रंथालय बंद करून, स्वेटरच्या खिशात हात घालून सदाशिव पेठेतल्या घरी चालत यायचो. आता या वेळेला मी पडदा ओढून घेतो आणि दिवा लावून वाचत बसतो. वाचतो म्हणजे पुस्तक उघडं असतं एवढंच.

गेल्या आठवड्यात मात्र घरात बसून चालणार नव्हतं. पुतणीची हळद होती, वाघोलीच्या एका लॉनवर. हल्ली हळदीलाही विषय लागतो. तिनं 'हवाई' निवडला होता. दारातल्या माणसानं माझ्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांची माळ घातली. मी ती काढून हातात घेतली, तर म्हणाला, राहू द्या काका, फोटोत छान दिसतं. आत थर्माकोलचे माड उभे केले होते. मंचाच्या बाजूला चार मुली हिरव्या प्लास्टिकच्या झावळ्यांचे घागरे घालून बसल्या होत्या. गारठा असा होता की चौघींनी अंगाभोवती शाली लपेटल्या होत्या. त्यातली एक नागपूरकडची असावी. दुसरीला म्हणत होती, "थंडी वाजून रायली व माय." नाव पुकारलं गेलं तशा शाली खुर्च्यांवर पडल्या, चौघींनी एकदमच चेहऱ्यावर हसू चढवलं आणि त्या वर गेल्या. माइकवाला "अलोहा पुणे" म्हणाला आणि मग आवाज येत नाहीये म्हणून पुन्हा म्हणाला.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. नवऱ्या मुलीची आई, त्यामुळे पाय दुखत होते, पण उत्साह होता. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर खरं बघून आलात. असंच असतं का हो तिथं?"

"साधारण असंच."

"साधारण म्हणजे?"

"तिथं थंडी नसते."

त्या हसल्या, मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या हसायच्या थांबल्या. माझ्या हातावर क्षणभर हात ठेवून त्या पाहुण्यांकडे निघून गेल्या. मी मंचाकडे बघत राहिलो. मुलींचे हात लाटांसारखे हलत होते. चांगल्या नाचत होत्या. उठून जावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

आम्ही त्या बेटावर गेलो त्याला आता तीन हिवाळे होतील. मी, माझी बायको शैलजा आणि अमेरिकेत नोकरी करणारा आमचा मुलगा निखिल. शैलजानं कधी काही मागितलं नव्हतं. बँकेतून निवृत्त झाली त्या दिवशी काय हवं विचारलं, तर म्हणाली, गॅसची शेगडी बदलू. त्या वर्षी गणपतीला निखिल आला होता, तो परत जाताना तीच त्याला म्हणाली की यंदा डिसेंबरमध्ये आम्ही तुझ्याकडे येतो, आणि मला ते समुद्राकाठचे नाच बघायचेत, जिथं गळ्यात हार घालतात. मी हसलो. गोव्याला नेलं तेव्हा समुद्राच्या वाऱ्यानं डोकं दुखतं म्हणत खोलीत बसली होतीस, अशी आठवण करून दिली. ती म्हणाली, "तो गोव्याचा वारा होता." विषय संपला. निखिल खाली वाकून बॅगेचे पट्टे आवळत राहिला.

मी पुस्तकं काढली. कुठं जायचं ठरलं की मी पुस्तकं काढतो, आणि तिथं पोहोचेपर्यंत मला तिथल्या माणसांपेक्षा तिथल्या राजांबद्दल जास्त माहिती असते. त्या बेटांचा इतिहास वाचून मन खिन्न झालं होतं. बाहेरून आलेल्यांनी आधी त्यांचे देव काढून घेतले, मग नाच, मग जमीन. पुढं पाहुणे येऊ लागले तेव्हा नाच तेवढा परत दिला, तोही जेवणाबरोबर.

तिथं डिसेंबर हा पावसाचा महिना. पण पाऊस असा की विचारून पडल्यासारखा. दुपारी थोडा यायचा, पानं धुऊन जायचा, लगेच ऊन. ओल्या मातीचा आणि देवचाफ्याचा एकत्र वास दिवसभर हवेत असायचा. शैलजा सकाळी हॉटेलच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. जेवण कमी झालं होतं तिचं. पित्त वाढलंय म्हणायची आणि पर्समधल्या डबीतून गोळी घ्यायची. आम्हा दोघांचंही वय झालेलं, गोळ्यांच्या डब्या कोण उघडून बघतो.

नाचाची संध्याकाळ तिसऱ्या की चौथ्या दिवशी होती. हॉटेलच्या हिरवळीवर समुद्राकडे तोंड करून लांबलचक टेबलं मांडली होती, कडेनं मशाली. प्रवेशापाशी एका उंच मुलीनं वाकून शैलजाच्या गळ्यात देवचाफ्याचा हार घातला आणि तिच्या गालाला गाल लावला. शैलजानं लग्नात झुकवावी तशी मान झुकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या लग्नात एवढ्या प्रेमानं कुणी घातला नव्हता." निखिल हसला. मीही हसलो, कारण खरंच होतं. लग्नात भटजींनी घाई केली आणि मी हार जवळजवळ फेकलाच होता.

आधी शंख वाजला. दोन धिप्पाड माणसांनी जमिनीतल्या खड्ड्यावरची माती आणि केळीची पानं बाजूला सारली आणि त्यातून भाजलेलं अख्खं डुक्कर वर काढलं. सगळ्यांचे फोन वर गेले. शैलजानं मान वळवली आणि आपलं ताट कुठं आहे ते विचारलं. आमच्या शाकाहारी ताटात भात होता, अननस होता आणि एका वाटीत जांभळट रंगाची लापशी. तिनं चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली.

"गोड नाही, आंबट नाही. आजारी माणसाला भरवतात तसलं आहे."

मी सांगितलं की हा अळूचा कंद कुटून केलेला पदार्थ आहे, आणि इथं या मेजवानीला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच अळूचं पान असा आहे. तिला हे इतकं आवडलं की तिनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे एवढे समुद्र ओलांडून आपण अळूच्या फतफत्याच्या पंगतीलाच आलो की." मग समोरच्या अमेरिकन जोडप्याला तिनं निखिलकडून हे समजावून सांगायला लावलं. आमच्याकडे लग्नात अळूची भाजी करतात, त्यात दाणे आणि खोबऱ्याचे काप घालतात. ती बाई नम्रपणे मान हलवत होती. शैलजा दाण्यांवर बराच वेळ बोलली.

सूर्य पाण्यात गेला आणि ढोल सुरू झाले. माइकवाला विनोदी होता. अलोहा म्हणायला लावायचा, आवाज कमी आला की दुखावल्यासारखं करायचा आणि पुन्हा म्हणायला लावायचा. नाच एकामागून एक येत गेले. कमरेच्या वेगवान हालचालींचा एक, काठ्यांचा एक, मांड्या थोपटत डोळे वटारून जीभ बाहेर काढायचा एक, शेवटी दोन्ही टोकांना पेटवलेला दांडा फिरवणारा तरुण. मी तिच्या कानाशी लागलो होतो. हा नाच इथला नाही, हजारो मैलांवरच्या दुसऱ्या बेटांचा आहे. हा तर न्यूझीलंडचा. हे आगीचं काम सामोआचं. म्हणजे कुणी पुण्यात यावं आणि आपण त्याला भांगडा, गरबा आणि लावणी एका दमात दाखवून हे महाराष्ट्राचे नाच म्हणावं तसं आहे.

"अहो, उद्या पेपर नाहीये आपला," ती म्हणाली.

मधे एक संथ नाच झाला. माइकवाल्यानं सांगितलं की पायांकडे बघू नका, पाय फक्त ताल धरतात. गोष्ट हात सांगतात. हा पाऊस, ही भरती, हे घर. सगळे हातांकडे बघायला लागले, मीही. शैलजा चेहऱ्यांकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "यांचे गाल दुखत नसतील का हो? रोज संध्याकाळी?"

मी म्हणालो, सवय होत असेल.

"हो. सवय होत असेल."

मग त्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे जोडप्यांना हिरवळीवर बोलावलं. नवीन लग्न झालेले, जुनं लग्न झालेले, सगळे या. मी उठणार नव्हतो. तिनं माझा हात धरून उठवलं. आयुष्यात आम्ही कधी नाचलो नव्हतो, वरातीतसुद्धा नाही. मी एक हात वर करून उभा राहिलो. "अहो, खांद्यावर ठेवा तो हात," ती म्हणाली, "रिक्षा थांबवताय का?" आजूबाजूला लोक हळूहळू गोल फिरत होते. आम्हीही जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे झुललो. तिच्या गळ्यातल्या फुलांचा वास येत होता आणि तिचं वजन थोडं माझ्यावर आल्यासारखं वाटलं. मला वाटलं, हेच नाचणं असेल. गाणं अर्ध्यावर असताना ती म्हणाली, "बसूया आता." मी सुटलो. माझ्या अवघडण्याची तिला दया आली असं मी धरून चाललो.

निघताना सगळे नाचणारे बाहेरच्या वाटेवर रांगेनं उभे होते. छातीवर हात ठेवून प्रत्येकाला अलोहा म्हणत होते. येतानाही हाच शब्द म्हणाले होते, मग आता काय म्हणतायत, असं शैलजानं विचारलं. मी सांगितलं, येताना-जाताना एकच शब्द आहे यांचा. "सोयीचं आहे," ती म्हणाली.

हार कचऱ्यात टाकायचा नसतो असं तिथं सांगितलं होतं, तो झाडाला किंवा पाण्याला परत द्यायचा. "निर्माल्यच की," म्हणत ती वाळूतून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. आम्ही दोघं मागे. मशालींचा उजेड तिथवर पोहोचत होता. तिनं वाकून हार पाण्यावर ठेवला, लाट आली, तो थोडा आत गेला. मग तिनं हात जोडले आणि म्हणाली, "जाते हं."

आमच्या घरात 'जातो' कुणी म्हणत नाही. कुणाच्याच घरात म्हणत नाहीत. लहानपणी शाळेला निघताना चुकून तोंडातून गेलं तर आई जिन्यातून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. माझ्याही तोंडून आपोआप निघालं, "येते म्हण."

ती पाण्याकडेच बघत होती. "येणार कोण आता इतक्या लांब?"

मला ते बरोबर वाटलं. लांब होतंच ते. निखिल गाडी आणतो म्हणाला आणि इतक्या झपाझप चालत गेला की त्याची चप्पल वाळूत रुतून निघाली, ती उचलायलाही थांबला नाही. शैलजाच ती हातात घेऊन आली.

वाहनतळावर त्याची वाट बघत असताना मघाची एक नर्तकी दिसली. साध्या टी-शर्टमध्ये कठड्यावर बसून ती डब्यातून काहीतरी खात होती आणि दुसऱ्या हातानं टाच चोळत होती. शैलजा तिच्याकडे बघून हसली. तिनं पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. तिची संध्याकाळ संपली होती.

पुण्याला परतल्यावर महिन्याभरात सगळं उघड झालं. पोटात दुखणं, तपासण्या, डॉक्टरांचं खुर्ची पुढं ओढून बसणं. फार उशीर झालाय, इतकंच मला समजलं. होळीच्या आसपास ती गेली.

भेटायला माणसं येत होती. समाचाराला आलेल्यांनी निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा निमित्तानं पुन्हा या घरी यायची वेळ येऊ नये, म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं, मीही कितीतरी घरांतून असाच उठून आलो होतो. पण तो रिवाज आपल्या घरात पाळला जातो तेव्हा कसा दिसतो हे माहीत नव्हतं. माणूस बोलता बोलता गप्प होतो, गुडघ्यांवर हात टेकतो, उठतो आणि निघून जातो. दाराचा आवाजही हळू. दिवसभर माणसं अशी नाहीशी होत होती. संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागायचं की ती आलीच नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या कुंदाताई शैलजाच्या रोजच्या गप्पांतल्या. जिभेला हाड नसलेल्या. त्या तिसऱ्या दिवशी आल्या, रडल्या, डोळे पुसले आणि उंबऱ्यावर चप्पल घालता घालता सवयीनं म्हणाल्या, "येते हं शैला." म्हणजे स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या. मग एकदम तोंडावर हात नेला. चेहरा पांढरा पडला. परत आत आल्या, खुर्चीवर बसल्या, मला म्हणाल्या, माफ करा हो, चुकलं. आणि काही वेळानं उठून न बोलता गेल्या. मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. त्या आठवड्यात त्या घरात जिवंत माणसासारखं बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं.

निखिल परत जायच्या आधी औषधं आवरत होता. टाकायची वेगळी, कुणाला देण्याजोगी वेगळी. पर्समधली डबी हातात आली तेव्हा तो ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "बाबा, आईला गणपतीतच कळलं होतं."

बाकीचं त्यानं खाली बघत सांगितलं. मी कोकणात एका मित्राकडे गेलो होतो त्या दोन दिवसांत दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले होते. उपचार घेतले असते तर काही महिने मिळाले असते, बहुतेक दवाखान्यातच. ती नको म्हणाली. आणि त्याला शपथ घातली की बाबांना सांगायचं नाही, त्यांना आधीपासून रडत बसवायचं नाही. डबीतल्या गोळ्या पित्ताच्या नव्हत्या.

तेव्हा मला तो पाण्याच्या कडेवरचा शब्द कळला. तिनं तो चुकून वापरला नव्हता. बँकेत आयुष्य काढलेली बाई, कुठला शब्द कुठं बसतो हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. मी तो तिथल्या तिथं दुरुस्त करायला गेलो, आणि तिनं करू दिला नाही.

मला राग आला. शोकात रागही असतो हे पुस्तकांत वाचलं होतं, पण त्याला एवढा नेमका चेहरा असेल असं वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात खरं होतं ते तिनं मुलाला दिलं आणि मला खेळ दाखवला. त्या बेटावर मी पाहुणा होतो. गळ्यात हार घालून मला पुढच्या ओळीत बसवलं होतं, आणि मी समोरचे नाच कुठल्या बेटावरचे ते ओळखत बसलो होतो.

तेव्हापासून एकच प्रश्न आहे. ती संध्याकाळ तिला आवडली का? ती हसली ते खरं हसली का? बाकी सगळं मी सोसलं असं म्हणता येईल, निदान लोक तसं म्हणतात. कसे आहात विचारलं की मी बरा आहे म्हणतो, आणि तेही आता सवयीनं जमतं. पण डिसेंबर आला की मी त्या संध्याकाळचा एकेक तुकडा काढून उजेडात धरतो. अळूतल्या दाण्यांवर बोलत होती ते खरं असणार, एवढं कोण खोटं बोलेल. रिक्षाचा विनोद? तो इतक्या चटकन आला की खरा वाटतो. पण चटकन तर त्या वाघोलीच्या मुलींचं हसूही आलं होतं, शाली खुर्च्यांवर पडताच. 'बसूया आता' तेवढं नक्की खरं. तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. निखिलनं काढलेले फोटो आहेत. सगळ्यांत ती हसतेय, आणि सगळ्यांत सारखीच हसतेय. त्यातून काही कळत नाही.

रोज करावं लागणारं हसू खोटंच असतं असंही नाही, असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला आहे. ज्यांच्या खापरपणज्यांना नाचायला बंदी होती त्या मुली पाहुण्यांसमोर का होईना नाचत होत्या. त्यांच्या हातांत पाऊस होता तो पाऊसच होता. वाचलेलं असलं की असे युक्तिवाद सुचतात. ते संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

हळदीनंतरच्या रविवारी सकाळी निखिलचा नेहमीप्रमाणे फोन आला. लग्न कसं झालं, कोण कोण आलं होतं, वहिनींचे पाय कसे आहेत. मी हळदीचा विषय सांगितला. तो हसला नाही. मग मी त्याला विचारलं. तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण तोवर दोन्ही उत्तरं शक्य होती.

"निखिल, आईला ती नाचाची संध्याकाळ खरंच आवडली होती का?"

मागे त्याच्या घरात भांडी लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला. निखिल दुसऱ्या खोलीत गेला असावा.

"बाबा, ऐकायचंय तुम्हाला?"

"सांग."

तो सावकाश बोलला. तिकिटं काढायच्या आधी त्यानं आईला खूप समजावलं होतं. त्या गोंगाटात कशाला बसायचं, तिथं शांत किनारे आहेत, डोंगर आहेत, तुम्ही दोघंच निवांत बसा. नको म्हणाली. तो म्हणाला, आई, तुला नाचाची एवढी आवड कधीपासून? तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "नाच कुणाला बघायचाय. शांत जागी नेलंस तर तुझे बाबा माझ्याकडे बघत बसतील. तिथं सगळेच हसत असतात रे. त्यात माझं हसणं वेगळं दिसणार नाही."

मी खुर्चीत बसलो होतो. खाली कुणीतरी स्कूटरला पुन्हा पुन्हा किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. फोन कानाला होता.

"बाबा," निखिल म्हणाला, "आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.